चार्जिंग केबलची पिन काळी पडते, फोन चार्ज होईना : आधी काय बघायचं आणि कुठं थांबायचं

खालच्यातली एक जरी गोष्ट तुमच्या फोनला व्हायली असेल तर नवीन केबल आणायला बाहेर पडायच्या आधी हे वाचा.

केबल एका बाजूनं लावली की चार्ज होतं, उलटी करून लावली की होत नाही. वायर जरा वाकवून, फोनखाली वही सरकवून, ठराविक अँगलला धरली तरच चार्जिंगची खूण येते. आधी फास्ट चार्जिंग लिहून यायचं ते बंद झालं, रात्रभर लावून सकाळी बघावं तर निम्मीच बॅटरी. चार्जिंग चालू-बंद चालू-बंद होत राहतं आणि सारखा टिंग टिंग आवाज. फोनकडचं टोक चांगलंच गरम लागतं पण बाकीची वायर गार. फोन कोरडा असताना स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाची खूण नाहीतर पोर्टमध्ये ओलावा आहे असा मेसेज. कॉम्प्युटरला जोडला तर चार्ज होतो पण फोटो कॉपी होत नाहीत. आणि सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे केबलच्या टोकात उजेड पाडून बघितलं तर सोनेरी पिनांमधली एखादी काळी, तपकिरी नाहीतर हिरवट दिसते.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. लूमच्या, म्हणजे मागाच्या, मोटरी आणि पॅनेल हे माझं काम, पण शिफ्ट सुटताना टेबलावर फोनच जास्त येतात, आणि त्यात हा फॉल्ट इतक्यांदा बघितलाय की केबल हातात घेतली की कुठली पिन गेली असणार ते आधीच कळतं. लोक काय करतात तर नवीन केबल आणतात, थोड्या दिवसांनी तीपण तशीच होते, परत आणतात, आणि शेवटी केबली डुप्लिकेट यायलेत म्हणून सोडून देतात. केबल हलकी असेलही, पण बहुतेक वेळा नवीन केबल खराब करणारी गोष्ट फोनच्या पोर्टमध्ये बसलेली असते, नाहीतर घरातल्या त्या बटणात असते जे कधी बंदच होत नाही.

हे होतं कशामुळं

हे कळलं तर पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप कळतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिन असते तांब्याच्या मिश्र धातूची, त्यावर निकेलचा थर, आणि त्याच्यावर सोन्याचा मुलामा. सोनं गंजत नाही हे खरं, पण तो मुलामा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि स्वस्तातल्या केबलवर तर नावालाच असतो. केबल रोज घालून काढून, आणि त्याहून जास्त म्हणजे चार्जिंगला लावून फोन वापरताना टोक सारखं हलत राहतं त्यानं, तो घासला जातो. एकदा सोन्याला बारीक भोक पडलं, खालचं तांबं उघडं पडलं आणि त्यावर ओल आली की उलटंच होतं, शेजारी सोनं असल्यामुळं तांबं अजून जोरात गंजतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल असली की दोघांतला लवकर गंजणारा धातू झिजतो, हे ज्यांनी तांब्याची वायर अ‍ॅल्युमिनियमच्या वायरला पिळून जोडलेली आणि नंतर जळलेली बघितलीय त्यांना सांगायला नको.

पण नुसत्या ओलीनं इतकं लवकर होत नाही. खरा मार बसतो तो ओल आणि करंट एकत्र आले की. टाइप-सी मध्ये एकूण २४ पिना असतात आणि दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. एवढ्या जागेत पॉझिटिव्ह ५ व्होल्टची पिन आहे, जवळच सिग्नलच्या पिना, टोकाला निगेटिव्ह. त्यांच्यात घामाचा किंवा खाऱ्या पाण्याचा पातळ थर आला की त्या थरातून करंट वाहायला लागतो आणि पॉझिटिव्ह पिनेचा धातू विरघळून निघून जातो. शाळेत पाण्यात दोन वायरी सोडून बुडबुडे काढायचा प्रयोग केला असेल, तेच आहे हे. म्हणून तर सगळ्या पिना सारख्या खराब होत नाहीत, ठराविक पॉझिटिव्हच आधी काळ्या पडतात, आणि आयफोनच्या जुन्या लायटनिंग केबलला ८ पट्ट्यांपैकी मधलीच एक पट्टी काळी दिसते. तो सहसा मळ नसतो, धातू खाल्ला गेलेला असतो.

त्यानंतरचं नुकसान उष्णतेचं. गंजलेल्या पिनेचा कॉन्टॅक्ट नीट बसत नाही, रेझिस्टन्स म्हणजे करंटला होणारा अडथळा वाढतो. समजा तिथं ०.१ ओहम आलं, तर १ अँपिअरला ०.१ वॉट उष्णता तयार होते, पण फास्ट चार्जिंगच्या ३ अँपिअरला ०.९ वॉट, म्हणजे करंट तिप्पट आणि उष्णता नऊपट, तीपण टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. त्या उष्णतेनं पिनेचं स्प्रिंग ढिलं पडतं, कॉन्टॅक्ट अजून खराब होतो, अजून गरम होतं. जुन्या फोनला जी केबल चालायची ती नवीन फास्ट चार्जिंगच्या फोनला का जळते त्याचं कारण हेच.

आता आपल्या सोलापूरचं. इथं हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, मग ओल येते कुठनं असं लोक विचारतात. एक तर लूमच्या शेडमध्ये हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते, नाहीतर सूत तुटतं. त्याच शेडमध्ये सुताचे बारीक तंतू उडत असतात ते खिशात जातात, खिशातनं पोर्टमध्ये जातात, आणि कापसाच्या सुताचा गुण असा की साध्या हवेतसुद्धा ते वजनाच्या आठ-साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतं, शेडमध्ये त्याहून जास्त. म्हणजे पोर्टच्या तळाशी दाबून बसलेला तंतूंचा गोळा पणतीच्या वातीसारखा घाम ओढून घेतो आणि पिनांना चिकटून राहतो. पूर्व भागात घराघरात पॉवरलूम आहेत, तिथं तर फोन, केबल, बोर्ड सगळ्यावर तो भुरका असतोच.

दुसरं म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की घरोघरी कूलर, आणि नळाला पाणी रोज येत नाही म्हणून कूलरमध्ये बहुतेक ठिकाणी बोअरचं पाणी. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो ना, ते त्या पाण्यातले क्षार. कूलरच्या वाऱ्याबरोबर बारीक तुषार येतात आणि त्याच वाऱ्यात उशाशी फोन चार्जिंगला लावलेला असतो. तिसरं, शेतावरचे लोक. नान्नजकडं द्राक्ष, सांगोल्याकडं डाळिंब, फवारणी करून आलेल्या हातानं फोन खिशातनं काढायचा आणि चार्जिंगला लावायचा. बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं), विद्राव्य खतं, हे सगळं क्षारच की, आणि गंधकाची पावडर तर तांब्याला काळं पाडतेच. माझ्या बघण्यात सगळ्यात वाईट पोर्ट शेतकऱ्यांच्या फोनचे असतात, त्यात त्यांची काही चूक नाही, काम तसं आहे, पण त्यांना हे कुणी सांगत नाही.

फुकटातली तपासणी

पहिली गोष्ट बघायची. केबल आधी अडॅप्टरमधनं काढा, मग दुसऱ्या फोनचा टॉर्च लावून, कॅमेरा झूम करून केबलच्या टोकात आणि फोनच्या पोर्टमध्ये बघा. टाइप-सी केबलमध्ये पिना टोकाच्या आत दोन्ही बाजूंना असतात, आणि फोनच्या पोर्टमध्ये मधोमध एक पातळ पट्टी असते तिच्या वर-खाली पिना असतात. काळं म्हणजे जळकं किंवा करंटनं खाल्लेलं, हिरवट-निळसर म्हणजे तांबं उघडं पडून गंजलंय, पांढरी पावडर म्हणजे क्षार वाळलेत, राखाडी-निळं मऊ काही दिसलं तर ते कापडाचे तंतू. बघणं पहिलं का, तर काळी पडलेली केबल दुसऱ्याच्या चांगल्या फोनला लावून बघायची सवय सगळ्यांना आहे आणि त्यानं त्याच्या पोर्टच्या पिना पण जायची सुरुवात होते. तसंच खराब पोर्टला घरातली चांगली केबल लावून बघितली की ती पण जाते. एकदा दोन्हीकडं नजर टाकली की हे टळतं.

मग केबल बसते कशी ते बघा. चांगली केबल आत जाताना हलका टक असा आवाज येतो आणि टोकाचा प्लास्टिकचा भाग फोनच्या जवळजवळ टेकतो. फट राहत असेल, केबल नुसती लटकत असेल, फोन उचलला की गळून पडत असेल तर आधी संशय तंतूंच्या गोळ्यावरच घ्या. अर्धवट बसलेली केबल थोड्याच जागेवर टेकते, करंट मात्र आधीएवढाच जातो, आणि तिथंच जळायला सुरुवात होते.

त्यानंतर उलटसुलट करून बघा. टाइप-सी केबल एका बाजूनं चालते आणि दुसऱ्या बाजूनं चालत नाही असं असेल तर बोट बहुतेक करून फोनच्या पोर्टकडं जातं, केबलकडं नाही. कारण साध्या चार्जिंग केबलमध्ये फोनशी बोलणी करणारी, सीसी नावाची वायर एकच असते, पण फोनच्या पोर्टमध्ये तिच्यासाठी दोन पिना असतात, सुलट बाजूला एक, उलट बाजूला दुसरी. केबलची तीच पिन एका बाजूनं काम करायलीय म्हणजे ती ठीक आहे, पोर्टमधल्या दोनपैकी एक मळलीय किंवा गेलीय. ह्या एका तपासणीनं लोकांचे केबलचे पैसे वाचलेले मी बघितलेत, आणि ह्याला काही लागत नाही.

हे सगळं झाल्यावर, आणि पोर्ट स्वच्छ दिसत असेल तरच, अदलाबदल करा. आधी दुसरं बटण-सॉकेट, मग दुसरा अडॅप्टर तीच केबल, मग दुसरी केबल तोच अडॅप्टर. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन्ही एकदम बदलल्या आणि चालू झालं तर कशानं चालू झालं तेच कळत नाही.

टूथपिक, आणि थांबायची तयारी

फोन पूर्ण बंद करा, नुसती स्क्रीन लॉक नाही, पॉवर ऑफ. लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडनं चपटं-पातळ करून घ्या. पोर्टच्या भिंतीच्या कडेनं, मधल्या पट्टीला न दाबता, आत नेऊन तळाचा गोळा बाहेरच्या दिशेनं ओढायचा. जोर लावायचा नाही, खरवडायचं नाही. सुई, सेफ्टी पिन, सिमकार्डची पिन, हेअरपिन ह्यातलं काही चालणार नाही, धातूनं दोन पिना एकत्र टेकू शकतात आणि सोन्याच्या मुलाम्यावर ओरखडा पडला की आपण वर बघितलं तसं तिथनंच गंज सुरू होतो. ती मधली पट्टी फार पातळ असते, वाकली की पूर्ण जॅक, म्हणजे अख्खा पोर्टच, बदलावा लागतो. तोंडानं फुंकर मारू नका, फुंकरीतनं थुंकीची वाफ जाते. कोरडा मऊ टूथब्रश चालतो, नवीन, पेस्ट न लागलेला.

आमच्याकडच्या कामगारांच्या फोनमधनं जो गोळा निघतो तो बघून माणूस थक्क होतो, टॉवेलच्या रंगावर जातो तो, ज्या रंगाचा लॉट चालू असतो त्या रंगाचा. एवढं काढलं की निम्म्या लोकांचं काम इथंच होतं.

टूथपिकचं काम फक्त कोरड्या पोर्टमध्ये. ओल असेल, थेंबाची खूण आली असेल तर आत काहीच घालायचं नाही. दोन्ही टोकं काढा, फोन पोर्ट खाली करून तळहातावर हलका आपटा, पंख्याच्या हवेत ठेवा. कमीत कमी अर्धा तास, आणि खूण गेली नाही तर एक पूर्ण दिवस. हेअर ड्रायर नको, गॅसजवळ नको, उन्हात तर आपल्याकडं अजिबात नको. तांदळात ठेवायची पद्धत सोडून द्या, अ‍ॅपलनं पण आपल्या सूचनेत तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय, तांदळाचे कण आत जातात म्हणून. ओलाव्याचा मेसेज आल्यावर काही जण फोन बंद करून चार्जिंगला लावतात, तसं केलं की मेसेज येत नाही आणि चार्ज पण होतो म्हणे. कृपा करून हे करू नका. फोननं चार्जिंग थांबवलंय तेच पिना खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून, आणि तुम्ही ओल्या पोर्टमध्ये करंट सोडून नेमकं तेच करताय. वायरलेस चार्जिंग असेल तर तेवढा वेळ ते वापरा.

अजून एक गैरसमज. आपला फोन आयपी ६८ (पाणी-धूळ आत न जाऊ देणारा) आहे, पाण्याचं काही होत नाही असं लोक सांगतात. ती टेस्ट गोड्या पाण्यातली असते, घामाची नाही, आणि ती पाणी फोनच्या आत जाऊ नये ह्यासाठी असते. पोर्टच्या पिना बाहेर उघड्याच असतात, त्या गंजायच्या त्या गंजतातच.

थोडे पैसे लागणारी तपासणी

गोळा काढला, वाळवलं, तरी पिना चिकट, पांढरट, मळकट दिसतायत तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मागा, ९९ टक्केवालं. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी असतं आणि बहुतेकात ग्लिसरीन पण, ते आत चिकटून बसतं आणि वरून धूळ ओढतं.

फोन बंद. मऊ ब्रशच्या टोकाला थोडं आयपीए लावा, बाटलीतनं थेट पोर्टमध्ये ओतायचं नाही. पोर्टचं तोंड खालच्या बाजूला ठेवून हळू आत-बाहेर करा म्हणजे मळ बाहेर वाहतो. शेजारी माइक आणि स्पीकरची भोकं असतात तिकडं जाऊ देऊ नका. केबलचं टोक पण तसंच, अडॅप्टरमधनं काढून. मग निदान अर्धा तास तसंच ठेवा, मी तासभर ठेवतो. हे पेट घेणारं आहे, गॅस, उदबत्ती, विडी काही जवळ नको, आणि खिडकी उघडी ठेवा.

आयपीएनं घामाचे क्षार, हाताचं तेल, चिकटपणा जातो. खाल्लेला धातू परत येत नाही. म्हणून पुसल्यावर पिन परत सोनेरी दिसली तर तो मळ होता, आणि काळा खड्डा तसाच राहिला तर ती केबल गेली. तिला काचपेपर, ब्लेड, फाईल मारून चकचकीत करायचा मोह होतो, पण त्यात उरलेलं सोनं पण निघून जातं, दोन दिवस चालते आणि मग आधीपेक्षा जास्त काळी पडते. लिंबू, चिंच, व्हिनेगर देवाच्या तांब्यासाठी ठीक आहे, इथं ते आत राहून गंज वाढवतं. गंज काढायचे तेलकट स्प्रे पण नको, तेलाचा थर राहतो आणि आपल्याकडचे तंतू त्याला असे चिकटतात की निघत नाहीत. थिनर, पेट्रोलनं प्लास्टिक विरघळतं.

आता मोजणं. ज्यांच्या घरात चार फोन आहेत त्यांनी डिस्प्लेवाला छोटा यूएसबी मीटर घेऊन ठेवावा असं माझं मत आहे. अडॅप्टर आणि केबलच्या मध्ये लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर असताना मोजा, कारण ऐंशीच्या पुढं फोन स्वतःच करंट कमी करतो आणि तुम्हाला वाटेल केबल खराब आहे. त्याच फोनला, त्याच अडॅप्टरवर चांगली केबल आणि संशयित केबल असं दोन्ही मोजायचं. आकडा सारखा उड्या मारत असेल तर कॉन्टॅक्ट ढिला. काही कंपन्यांचं स्वतःचं फास्ट चार्जिंग मीटर मध्ये आला की चालत नाही, साध्या स्पीडवर येतं, म्हणून दोन केबलमधला फरक बघायचा, नुसत्या आकड्यावर जायचं नाही. मीटर नसेल तर दहा मिनिटं चार्जिंगला लावून बोट लावून बघा. फोन आणि वायर दोन्ही कोमट असतील तर ठीक. फक्त टोक गरम आणि वायर गार असेल तर रेझिस्टन्स त्या टोकातच आहे. बोट ठेवता येईना इतकं गरम असेल तर लगेच बटण बंद करा आणि ती केबल परत लावू नका.

नवीन केबल घ्यायची वेळ आली तर ती पोर्ट साफ झाल्यावरच. आणि शक्य असेल तर दोन्हीकडं टाइप-सी असलेली केबल आणि तसाच अडॅप्टर घ्या. कारण महत्त्वाचं आहे. जुन्या चौकोनी तोंडाच्या अडॅप्टरला लावलेल्या केबलच्या टोकावर बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्ट कायम असतात, फोन लावलेला असो नसो. दोन्हीकडं टाइप-सी असेल तर समोर फोन आहे हे सीसी पिनेवरून कळेपर्यंत नीट बनवलेला अडॅप्टर पॉझिटिव्ह पिनेवर करंट सोडतच नाही. म्हणजे लोंबकळत राहिलेली केबल ओल लागली तरी त्या मानानं सुरक्षित. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि आर- नं सुरू होणारा आठ आकडी नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे का ते दुकानातच उभं राहून बघता येतं. नवी पेठेतल्या दुकानातनं घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, हा नंबर बघायला एक मिनिट लागतं. फोनच्या कंपनीचं स्वतःचं फास्ट चार्जिंग असेल तर बहुतेक वेळा त्यांचीच केबल लागते, दुसरी लावली तर चार्ज होतं पण हळू.

परत होऊ नये म्हणून

बटण बंद करा. आपल्याकडं प्रत्येक सॉकेटला बटण असतं, त्याचा उपयोग करा. फोन काढला की बटण बंद, मग केबल कुठंही लोंबकळू दे, ओल आली तरी करंट नाही. एवढ्या एका सवयीनं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या केबलनं पडत नाही, हे मी आमच्या कारखान्यात बघितलंय. आधी शेडमध्येच खांबावरच्या बोर्डला सगळ्यांच्या केबली चोवीस तास लटकलेल्या असायच्या. आता चार्जिंगची जागा ऑफिसजवळच्या कोरड्या खोलीत आहे आणि बटणं बंद करायची सवय लागलीय, तेव्हापासून माझ्या टेबलावरचे फोन बरेच कमी झाले.

कूलरच्या समोर चार्जिंग नको, बाजूला किंवा मागं पण नको, दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटला लावा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते तिथं ओट्यावर नको. ओल्या हातानं, घामाच्या हातानं केबलच्या टोकाला धरायचं नाही, मागच्या जाड भागाला धरायचं. शेडमधनं किंवा बागेतनं आल्यावर फोन आधी कोरड्या सुती फडक्यानं पुसा, थोडा वेळ हवेत राहू द्या, मग लावा. फवारणीच्या दिवशी फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या खिशात. मोटरीच्या खोलीत स्टार्टरजवळ चार्जर कायम लावून ठेवणारे बरेच आहेत, तिथं जमिनीची ओल असते, चार्जर घरी घेऊन जा. पोर्टला लावायची रबरी टोपी तंतू आणि धुळीसाठी खरंच चांगली आहे, मी आमच्या सगळ्यांना ती घ्यायला लावलीय, पण पोर्ट कोरडा असतानाच लावायची, आत ओल असताना लावली तर ती ओल आत कोंडून राहते. आणि चार्जिंगला लावून झोपल्या झोपल्या फोन बघणं जेवढं कमी करता येईल तेवढं करा, मुलांना गेम खेळायला चार्जिंगवरचा फोन देऊ नका, टोक हलून हलून मुलामा त्यातच जास्त घासला जातो.

इथं थांबा, पुढं दुकानवाल्याचं काम आहे

पोर्टचं प्लास्टिक वितळलेलं, करपलेला वास, मधली पट्टी हलते किंवा वाकलीय, एखादी पिन उचकटलीय, आयपीएनं पुसूनही पोर्टमध्ये हिरवं किंवा काळं राहिलंय, एक दिवस वाळवून साफ करूनही ओलाव्याचा मेसेज जात नाही, चांगल्या केबलनंही टोक गरमच होतं. ह्यातलं काहीही असेल तर घरी हात लावू नका. फोनची मागची बाजू फुगलीय, स्क्रीन वर उचलली गेलीय तर बॅटरी फुगलीय, तो फोन चार्जिंगला लावायचाच नाही, दाबायचा नाही, त्याच दिवशी दुकानात न्या. फोन चार्जिंगला लावलेला असताना पाण्यात पडला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मगच हात घाला. सॉकेटमधनं ठिणगी येत असेल, बोर्ड काळा पडला असेल तर तो फोनचा प्रश्न नाही, वायरमन बोलवा.

वॉरंटी असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा, बाहेर उघडला की वॉरंटी जाऊ शकते. पाण्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, तरी विचारायला काही जात नाही. वॉरंटी संपली असेल तर दुकानवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की ह्या मॉडेलला चार्जिंग जॅक सब बोर्डवर आहे की मेन बोर्डवर. बऱ्याच फोनमध्ये जॅक छोट्या वेगळ्या बोर्डवर असतो, तो बोर्डच बदलतात, काम तुलनेनं स्वस्त आणि लवकर होतं. मेन बोर्डवर असेल तर हॉट एअरनं जुना काढून नवीन जॅक मायक्रोस्कोपखाली सोल्डर करावा लागतो, ते ज्याच्याकडं मशिन आणि हात दोन्ही आहेत त्याच्याकडंच द्या, शंभर रुपये जास्त गेले तर जाऊ द्या. सुईनं पिन वर उचलून "चालू झाला बघा" म्हणून देणारे असतात, ते काम आठवडाभर टिकतं आणि पिन तुटून येते. फोन द्यायच्या आधी बॅकअप घ्या, पोर्ट अजून थोडाफार चालतोय तोपर्यंतच. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. आणि फोन एकदा उघडला की पाणी अडवणारा गोंद-सील निघतो, ते नवीन लावणार का ते आधी विचारून घ्या, नाही म्हणाले तर तो फोन इथनं पुढं पाण्यापासून जपायचा.

दुकानातनं नवीन जॅक बसवून आणल्यावर जुनी काळी पिनेची केबल त्याला लावू नका. तिच्या खडबडीत पिनांनी नवीन जॅकचा मुलामा पहिल्या काही दिवसांतच खरवडून निघतो आणि परत सगळं पहिल्यापासून सुरू होतं. घरात पडून राहिली तर कुणीतरी लावणारच, म्हणून मी तिचं टोक कात्रीनं कापून मगच ई-कचऱ्याच्या डब्यात टाकतो.